फिरत्या घराची तबकडी

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कौतुकानें क्वचितच उच्चारली जाते. एका गांवीं ज्याचा पाय ठरत नाहीं, त्याच्याकडे पाहून घरांतील वडील माणसें ती पुटपुटतात. अमेरिकेंत मात्र उभा जन्म नोकरींत घालवून निवृत्त झालेलीं किती तरी जोडपीं असें बिऱ्हाड हौसेनें पाठीवर घेतात. स्वयंपाकाचा ओटा, बिछाना, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी पोटांत घेतलेली ही मोटार तेथें आर. व्ही. या दोन अक्षरांनीं ओळखली जाते. हिंवाळा आला कीं अशीं फिरतीं घरें ॲरिझोनाच्या वाळवंटांत क्वार्टझसाइट नांवाच्या लहानशा गांवाभोंवतीं गोळा होतात. उन्हाळ्यांत कांहीं थेट ईशान्येस मेनच्या किनाऱ्यापर्यंत जातात. राहतें घर सुटतें, शेजार सुटतो. पण संध्याकाळीं बातम्या पाहण्याची संवय सुटत नाहीं. म्हणून सामानाच्या कप्प्यांत एक तबकडी, एक तिपाई आणि केबलचें एक वेटोळें असतें, आणि मुक्कामीं उतरल्यावर चहाच्या आधीं तीं बाहेर निघतात.

या तबकडीस हवा असलेला उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. तेथें त्याची प्रदक्षिणा पृथ्वीच्या स्वतःभोंवतालच्या फेऱ्याइतक्याच वेळांत पुरी होते, आणि म्हणून खालून पाहणाऱ्यास तो ध्रुवासारखा एका जागीं खिळलेला असतो. अशा स्थिर ठाण्यांवरून साऱ्या पृथ्वीवर संदेश पोहोंचवितां येतील, असें आर्थर क्लार्क यांनीं १९४५ च्या ऑक्टोबरांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकांत लिहिलें, तेव्हां आकाशांत एकहि कृत्रिम उपग्रह नव्हता. १९६४ सालीं सिन्कॉम ३ हा उपग्रह अशा कक्षेंत ठरला आणि टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांचीं चित्रें त्याच्यामार्फत अमेरिकेंत गेलीं. पुढें घरोघर दूरचित्रवाणी पोहोंचविण्यास प्रारंभीं दहा फुटांची थाळी लागे. ती अंगणांतच शोभे. १९९४ पासून १८ इंचांची तबकडी विक्रीस आली, आणि आकाशांतील चित्र कांखेंत मारून नेण्याजोगें झालें.

घराच्या गच्चीवर तबकडी बसविणारा कारागीर एकदां येतो, ती वळवितो, बोल्ट आवळतो आणि जातो. त्यानंतर वर्षानुवर्षें घरांतील कोणासहि आकाशाची आठवण होत नाहीं. फिरत्या घराचें तसें नाहीं. उपग्रह जागचा हालत नाहीं, पण पाहणारा हालतो. आणि दोनशें मैल गाडी हांकून तो नव्या मुक्कामीं उतरला कीं कालचे सारे आंकडे बाद होतात. पेटीस नव्या गांवाचा टपाल-क्रमांक सांगितला, म्हणजे ती पडद्यावर नवे आंकडे दाखविते: तबकडी कोणत्या दिशेस फिरवावी तो दिगंश, क्षितिजापासून किती वर रोखावी तो उन्नतांश, आणि एकाहून अधिक उपग्रह एकदम टिपणारी तबकडी असेल तर ती बाजूस किती कलवावी, तेंहि. आंकडे हातीं आले कीं काम झालें, असें नवशिक्यास वाटतें.

परंतु ११९ अंश पश्चिम रेखांशावरील एकच उपग्रह घेऊन पाहावें. क्वार्टझसाइटहून तो जवळजवळ दक्षिणेस, ५० अंश उंचीवर असतो. तेथें ६० फूट उंचीचें झाड आड आलेंच, तर त्यापासून ५० फूट दूर सरलें कीं वाट मोकळी होते; आणि त्या वाळवंटांत एवढें झाड पाहावयास मिळणेंच कठीण. मेनमधील बार हार्बर येथें तोच उपग्रह नैर्ऋत्येच्याहि पलीकडे, पश्चिमेच्या बाजूस कललेला असून क्षितिजावर अवघा १९ अंश असतो. आतां त्याच झाडापासून सुमारें १७५ फूट दूर जावें लागतें, आणि मेनचें रान तर पाइन व स्प्रूस वृक्षांनीं गच्च भरलेलें! जाणता प्रवासी तेथें या उपग्रहाचा नाद सोडतो आणि तबकडी तशी असल्यास ६१.५ अंशांवरील पूर्वेकडचा उपग्रह धरतो. तो तेथून ३८ अंश उंच आहे.

झाडाची सांवली आणि आकाशाची वाट यांचें हाडवैर आहे. या लहरींची लांबी जेमतेम एक इंच असते व पानांतील पाणी त्यांना गिळून टाकतें. एप्रिलमध्यें उघड्या फांद्यांमधून कसेंबसें चित्र देणारी जागा जूनमध्यें पालवी दाटली कीं आंधळी होते. आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून निजूं नये, घराचें दार तिकडे असूं नये, असें वडील सांगत आले. या प्रवाशास मात्र गाडी कोठें उभी करावी हें ठरवितांना प्रथम दक्षिणच न्याहाळावी लागते.

आणि ती दक्षिण तरी कोणती? होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे पाहत नाहीं. मेनच्या किनाऱ्यावर ती सुमारें १५ अंश पश्चिमेकडे झुकते, तर ॲरिझोनांत पूर्वेकडे. तबकडीचा झोत इतका अरुंद कीं दोन-तीन अंशांची चूकहि चित्र घालविण्यास पुरते. तेव्हां पेटीनें सांगितलेला दिगंश चुंबकीय उत्तरेपासून मोजलेला आहे कीं खऱ्या, हें पाहिल्यावांचून एक पाऊलहि टाकूं नये. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून दूर नेऊन वाचावें, हेंहि पुष्कळांस दोन संध्याकाळी फुकट गेल्यावर कळतें.

प्रत्यक्ष उभारणींत सर्वांत महत्त्वाचें काम सर्वांत नीरस आहे, तें म्हणजे तिपाईचा खांब ओळंब्यांत उभा करणें. पाणसळीचा बुडबुडा चारी बाजूंनीं मध्यावर यावयास हवा. खांब कलता असेल, तर तबकडी फिरवितांना तिचा उन्नतांश आपोआप बदलत जातो आणि पट्टीवरील आंकडा खोटा ठरतो. घाईचा मनुष्य येथें पांच मिनिटें वांचवितो आणि पुढें तासभर चाचपडतो. दुसरी फसगत तबकडीच्या चेहऱ्याची. लहरी टिपणारी डबी तिच्या मध्यासमोर नसून खालच्या बाजूस दांडीच्या टोंकाशीं असते, आणि त्यामुळें तबकडी दिसते त्याहून वीस-बावीस अंश वर पाहत असते. मेनमध्यें १९ अंशांवर लावलेली तबकडी तर किंचित् मान खालीं घातल्यासारखी दिसते. नवखा मनुष्य तें पाहून कळवळतो, तिचें तोंड आकाशाकडे उचलतो, आणि हातचें चित्र घालवून बसतो.

यानंतरचा प्रसंग प्रत्येक छावणींत संध्याकाळीं पाहावयास मिळतो. गृहस्थ बाहेर गुडघे टेकून तबकडी इंच इंच सरकवीत आहेत, आणि बाईसाहेब खिडकींतून पडद्यावरील लहरींचें बळ ओरडून सांगत आहेत. “आलें!” अशी हांक येते, ती त्यांच्या कानीं पडेपर्यंत हात पुढें गेलेला असतो, आणि मागून “गेलें!” ऐकूं येतें. दोघांचाहि दोष नसतो. पेटीस लहर ओळखून चित्र जुळविण्यास कांहीं क्षण लागतात; म्हणून एक अंश सरकवावें, हात काढून घ्यावा, दम धरावा, मग पुढें जावें. केबलमध्यें जोडण्याचें एक लहान मापकयंत्र मिळतें. लहर वाढली कीं त्याचा सूर चढतो. त्याच्या अल्प किंमतींत पुष्कळ घरगुती शांतता विकत मिळते. चित्र सांपडल्यावर बोल्ट आवळावे आणि तिपाईस पाण्याचा भरलेला कॅन टांगावा, कारण वाळवंटांतील वाऱ्यास तबकडी व शीड यांतील भेद कळत नाहीं.

हा सारा खटाटोप टाळणारीं स्वयंशोधक यंत्रेंहि आहेत. प्लॅस्टिकच्या घुमटाखालीं विजेच्या मोटारीवर तबकडी फिरते आणि उपग्रह स्वतःच हुडकते. अशीं पुष्कळ यंत्रें एका वेळीं एकच उपग्रह पाहतात, त्यामुळें गाडींत दोन संच असले तर रिमोटवरून तंटा ठरलेला. अलीकडे पुष्कळ लोक स्टारलिंकची सपाट पाटी नेतात. तिचे उपग्रह सुमारें ५५० किलोमीटरवर धांवत असतात. तिला दिगंश लागत नाहीं, पण मोकळें आकाश लागतेंच. झाडांनीं तिलाहि सवलत दिलेली नाहीं.

असो. तबकडी लागली, चित्र स्वच्छ आलें, तरी एक गोष्ट राहतेच. ओहायोंतील कोलंबस शहराचें एक जोडपें कॅन्ससमध्यें डॉज सिटीजवळ उतरलें आहे, असें समजूं. देशभर दिसणाऱ्या वाहिन्या त्यांना मिळतात, पण कोलंबसचें स्थानिक केंद्र मिळत नाहीं. तें चित्र उपग्रह अरुंद झोतानें त्या प्रदेशापुरतेंच सोडतो, म्हणजे तीच लहर दुसऱ्या दूरच्या शहरासाठीं वापरतां येते. कंपनीस नवा पत्ता कळविला तर जवळच्या शहराचें केंद्र मिळूं शकतें. पण रोज मुक्काम हालविणारा मनुष्य रोज पत्ता कळवीत नाहीं. १९९९ च्या अमेरिकन कायद्यानें फिरत्या घरांना दूरच्या शहरांचीं केंद्रें घेण्याची मुभा दिली, मात्र तबकडी गाडीस कायमची जोडलेली आहे असें लिहून देण्याच्या अटीवर. गवतांत उभी केलेली तिपाई त्या व्याख्येंत बसत नाहीं. मुभा मिळाली तरी दिसणार काय? लॉस एंजेलिसची रहदारी आणि न्यूयॉर्कचा पाऊस. आपण ज्या शेतांत उभे आहों, त्यावर काय चालून येत आहे, हें त्यांतलें कोणीच सांगत नाहीं.

डॉज सिटीकडे वसंत ऋतूंत हा प्रश्न करमणुकीचा राहत नाहीं. तेथून ११९ अंशांचा उपग्रह दक्षिण-नैर्ऋत्येस, सुमारें ४२ अंशांवर असतो. आणि तिकडील वादळेंहि बहुधा त्याच बाजूनें चढतात. म्हणून डोक्यावर थेंबहि पडलेला नसतांना चित्राचे चौकोनी तुकडे होऊं लागतात, मग पडदा काळा पडतो. बातमीची सर्वांत अधिक गरज असते त्याच घटकेस तबकडी मुकी होते, आणि नवखा मनुष्य बाहेर जाऊन तिचे बोल्ट तपासूं लागतो. त्या वेळीं त्यानें आकाशाकडे पाहावें. या प्रवासांत हातभर लांबीचा नव्हे, मुठींत मावणारा एक साधा रेडिओ उपयोगी पडतो. नोआ या सरकारी खात्याचें हवामान-प्रक्षेपण १६२ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यांत अहोरात्र चालतें, आणि वावटळीचा इशारा त्यावर कौंट्यांचीं नांवें घेऊन दिला जातो. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. कोलंबसच्या माणसास डॉज सिटी ठाऊक असतें, पण ती फोर्ड कौंटींत आहे, हें त्यानें मुद्दाम विचारून घेतलेलें नसेल, तर रेडिओ कानाशीं असूनहि त्यास कांहीं उमगत नाहीं. म्हणून टपाल-क्रमांक पेटीस सांगतांनाच कौंटीचें नांव कागदावर लिहून तो रेडिओस चिकटवावा. तें नांव इशाऱ्यांत आलें, तर तबकडी, तिपाई आणि केबल जेथल्या तेथें टाकून छावणींतील पक्क्या इमारतीकडे निघावें. त्या वाऱ्यांत चाकांवरच्या घरास घर म्हणतां येत नाहीं.