कार्यप्रणाली बदलली आणि हेडफोन मुका झाला

(शिक्षक, पंचायत कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. संगणकाची कार्यप्रणाली, जिला आपण सर्रास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो, ती नवी बसविली की कालपर्यंत नीट ऐकू येणारा हेडफोन एकाएकी मुका होतो, असा अनुभव अलीकडे पुष्कळांना आला आहे. त्याचे निमित्तही उघड आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. संरक्षक सुधारणा मिळेनाशा होणार म्हणून शाळा, ग्रंथालये, पंचायत कचेऱ्या आणि घरोघरचे संगणक विंडोज ११ कडे वळले, आणि या स्थलांतरात काही ठिकाणी आवाज मागेच राहिला.

हेडफोनची तक्रार ही चैनीची तक्रार आहे असे मात्र कोणी समजू नये. शाळेच्या एका खोलीत पंधरा-वीस मुले एकाच वेळी भाषेचा ऐकण्याचा पाठ घेतात, तेव्हा हेडफोनवाचून वर्गाचा बाजार होतो. सचिवांना वरिष्ठ कचेरीशी दूरदृश्य बैठक करावयाची असते आणि शेजारच्या टेबलावर घरपट्टी भरणाऱ्यांची रांग असते. परंतु सर्वांत मोठी अडचण होते ती अंध विद्यार्थ्याची. एनव्हीडीए नावाची एक विनामूल्य आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते. ती मराठीही वाचते. वर्गात बसलेला असा विद्यार्थी हेडफोन कानाला लावूनच संगणक चालवितो. आपला आवाज गेला तर आपल्याला गाणे ऐकू येत नाही; त्याचा आवाज गेला तर त्याच्यापुरता सगळा संगणकच अंधारात जातो. दुरुस्तीसाठी कोठे कळ दाबावी हेसुद्धा त्याला आवाजावाचून कळत नाही. म्हणून ही दुरुस्ती निदान दर शाळेत एका शिक्षकाला तरी आलीच पाहिजे, असे माझे मत आहे.

आता हे घडते का, ते पाहू. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या सरकारला मराठी दरबारांशी पत्रव्यवहार करावयाचा तर मध्ये अधिकृत दुभाष्या लागे. राज्यकर्त्याला मराठी येत नसे आणि पत्र लिहिणाऱ्याला पोर्तुगीज. संगणकातही नेमकी तीच व्यवस्था असते. कार्यप्रणालीची भाषा वेगळी, आणि आवाज निर्माण करणाऱ्या चिपची भाषा वेगळी. दोहोंमधील दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. बहुतेक संगणकांत ही चिप तैवानच्या रियलटेक कंपनीची असते. तिच्यावर खेकड्याचे चिन्ह असते, म्हणून ओळखावयास सोपी. कार्यप्रणाली बदलली म्हणजे दरबार बदलला. जुना दुभाष्या नव्या दरबारात कधी स्वीकारला जातो, कधी त्याच्या जागी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण दुभाष्या बसतो, आणि कधी जागा रिकामीच राहते. सर्वसाधारण दुभाष्या कामचलाऊ बोलतो, पण त्या विशिष्ट चिपच्या खाचाखोचा, उदाहरणार्थ पुढच्या भोकात पिन घातली आहे की मागच्या, हे त्याला प्रत्येक वेळी उमगतेच असे नाही.

तथापि प्रत्येक मुका हेडफोन ड्रायव्हरमुळेच मुका झाला, असे धरून चालू नये. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हेडफोनच्या भोकातील धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो. पावसाळ्यात तर विशेषच. म्हणून पहिली परीक्षा अशी की तोच हेडफोन दुसऱ्या संगणकाला किंवा जुन्या मोबाइलला लावून पाहावा, आणि चालू असलेला दुसरा हेडफोन या संगणकाला लावून पाहावा. पिन दोनतीनदा आतबाहेर केल्यावर खरखर होऊन आवाज आला, तर दोष गंजाचा आहे. पिनेकडेही नीट पाहावे. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर तो केवळ ऐकण्याचा हेडफोन. तीन असतील तर त्यात बोलण्याचा मायक्रोफोनही आहे. जुन्या टेबलसंगणकाला ऐकण्यासाठी हिरवे व बोलण्यासाठी गुलाबी अशी दोन भोके वेगवेगळी असतात. तीन रेघांची पिन हिरव्या भोकात घातली तर ऐकू येईल, पण आपले बोलणे पलीकडे जाणार नाही. त्यासाठी दोन शेपट्यांचा जोड घ्यावा लागतो. कोणताही ड्रायव्हर ते काम करणार नाही.

हेडफोन निर्दोष ठरला की संगणकाकडे वळावे. येथेही घाई नको. नवी कार्यप्रणाली आल्यावर आवाज कोठे पाठवावा याची निवड पुष्कळदा आपोआप बदलते. पडदा एचडीएमआय तारेने जोडलेला असेल तर संगणक त्या पडद्यालाच ध्वनियंत्र समजतो आणि सगळा आवाज तिकडे पाठवितो. पडद्याला स्पीकर नसला तरीही! विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबल्या की आवाजाच्या मार्गांची यादी उघडते. तीत हेडफोन निवडावा, आवाजाची पट्टी वर करावी, आणि आवाज बंद केल्याची खूण नाही ना, ते पाहावे. माझ्या समजुतीप्रमाणे निम्म्या तक्रारी येथेच मिटाव्यात.

यादीत हेडफोनचे नावच नसेल, तर मात्र दुभाष्याची चौकशी करणे भाग आहे. स्टार्टच्या खुणेवर माउसची उजवी कळ दाबावी व डिव्हाइस मॅनेजर उघडावा. त्यात साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स या शीर्षकाखाली ध्वनियंत्रांची नावे असतात. नावापुढे पिवळा त्रिकोण असेल तर त्यावर दोनदा टिचकी मारावी. दोषाचा क्रमांक दिसतो. हा क्रमांक वहीत टिपून ठेवावा, कारण तंत्रज्ञाला दूरध्वनीवर ‘आवाज येत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘कोड २८ आहे’ असे सांगितल्याने वेळ वाचतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. कोड १० म्हणजे यंत्राला सुरू होता आले नाही.

याच खिडकीत ड्रायव्हर या पानावर रोल बॅक ड्रायव्हर अशी कळ असते. आधीचा ड्रायव्हर शिल्लक असेल तरच ती उजळ दिसते. तसे असल्यास प्रथम तीच दाबून संगणक पुन्हा सुरू करावा. ती फिकट असेल तर अनइन्स्टॉल डिव्हाइस निवडावे आणि संगणक पुन्हा चालू करावा. सुरू होताना तो यंत्र नव्याने ओळखतो व ड्रायव्हर परत बसवितो. ‘काढून टाका’ या शब्दाची पुष्कळांना धास्ती वाटते. यात कागदपत्रे जात नाहीत. जातो तो फक्त दुभाष्या, आणि तोही थोड्या वेळापुरता. एवढे करून भागले नाही, तर अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन संगणकावरील यादीतून निवडण्याचा पर्याय घ्यावा आणि हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस हे नाव निवडावे. हाच तो मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण दुभाष्या. कंपनीचा खास ड्रायव्हर अडून बसलेला असताना हा साधा गडी काम चालवून नेतो.

कायमचा उपाय मात्र संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा, विंडोज ११ साठी असलेला ध्वनीचा ड्रायव्हर आणणे हा होय. मॉडेलचे नाव माहीत नसेल तर शोधाच्या चौकटीत सिस्टीम इन्फर्मेशन लिहावे. तेथे ते मिळते. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स नावाचा एक कोपरा आहे, तेथेही योग्य ड्रायव्हर अनेकदा वाट पाहत पडलेला असतो. परंतु ‘आपले सर्व ड्रायव्हर एका झटक्यात अद्ययावत करू’ असे सांगणाऱ्या अनोळखी आज्ञावल्या घेऊ नयेत. त्यांतून नको त्या वस्तू कचेरीच्या संगणकात शिरतात, आणि पडद्यावर दाखविलेल्या क्रमांकाला दूरध्वनी केला तर पैशांची मागणी होते.

जुन्या पेटीत नवा मदरबोर्ड बसविलेल्या टेबलसंगणकांत एक वेगळाच प्रकार आढळतो. मागच्या हिरव्या भोकात आवाज येतो, पुढच्या भोकात येत नाही. पिन घातल्याची सूचना जुन्या पेटीचे पुढचे भोक देऊ शकत नाही, आणि नवा ड्रायव्हर त्या सूचनेची वाट पाहत बसतो. रियलटेक ऑडिओ कन्सोल या आज्ञावलीत पुढच्या भोकाची ही ओळख-परीक्षा बंद करण्याची सोय असते. ती बंद केली की आवाज सुरू होतो.

या सगळ्यात वापरणाऱ्याचा दोष असतोच असे नाही, हे मला येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण कचेरीत संगणक बिघडला की शेवटी ज्याने हात लावला त्याच्याकडे बोट दाखविण्याची रीत आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज अपडेटमधून इंटेलचा एक ध्वनि-ड्रायव्हर चुकून भलत्याच संगणकांना पाठविला गेला होता आणि त्यांचा आवाज गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये डिरॅक ऑडिओ ही ध्वनिसुधारणेची आज्ञावली असलेल्या संगणकांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती बसविल्यावर अंगचे स्पीकर व ब्लूटूथ हेडफोन बंद पडू लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांसाठी ती आवृत्तीच रोखून धरली. पुढे जानेवारी २०२५ च्या सुधारणेनंतर यूएसबीचे काही ध्वनिरूपांतरक कोड १० दाखवून थांबले. ते पुढील महिन्याच्या सुधारणेत दुरुस्त झाले. म्हणजे कधी कधी वाट पाहणे हाही उपायच असतो. डिरॅकच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. सेटिंग्जमध्ये ध्वनियंत्राच्या पानावर ऑडिओ एन्हान्समेंट्स हा पर्याय बंद करून पाहावा. आवाज गोड करण्यासाठी बसविलेली ही भर पुष्कळदा आवाजाच्याच मुळावर येते.

वरील सर्व करूनही शांतताच राहिली, तर सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन सेवा चालू आहेत की नाहीत, ते पाहावे. शाळेच्या संगणकावर यासाठी प्रशासकाचा सांकेतिक शब्द लागतो. तो मुख्याध्यापकांच्या बंद पाकिटात असावा, सुट्टीवर गेलेल्या एखाद्याच्या स्मरणात नव्हे. कार्यप्रणाली बदलून दहा दिवस झाले नसतील तर रिकव्हरीच्या पानावरून मागे जाण्याचीही सोय असते. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार संपलेला असल्यामुळे मी तो मार्ग सुचविणार नाही. एका हेडफोनसाठी अख्खी कचेरी उघड्यावर ठेवण्यासारखे ते होईल.

ब्लूटूथ हेडफोनचे थोडक्यात सांगतो. जुनी जोडणी काढून टाकावी आणि नव्याने करावी. बहुधा तेवढ्याने भागते. बोलताना आवाज एकदम हलक्या दर्जाचा झाला तर तो बिघाड नव्हे. मायक्रोफोन चालू असताना ब्लूटूथची धाटणीच तशी आहे.

अंध विद्यार्थ्यासाठी मात्र एवढी दुरुस्ती होईपर्यंत थांबता येत नाही. त्यासाठी प्रत्येक संगणककक्षाच्या कपाटात एक साधा यूएसबी हेडफोन ठेवावा. त्याची ध्वनिचिप त्याच्या स्वतःच्या अंगातच असते आणि त्याला लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. त्यामुळे मदरबोर्डवरील चिप मुकी झाली तरी बहुतांशी हा बोलतो. जोडल्यावर आवाजाचा मार्ग एकदा डोळस शिक्षकाने निवडून द्यावा, पुढचे तो विद्यार्थी स्वतः पाहील. आणि यापुढे कोणत्याही संगणकाची कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी डिव्हाइस मॅनेजरमधील ध्वनियंत्राचे नाव व ड्रायव्हरची आवृत्ती जडवस्तू-नोंदवहीत त्या संगणकासमोर लिहावी, कंपनीचा नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधी उतरवून ठेवावा, आणि परीक्षेच्या आठवड्यात हे काम हाती घेऊ नये.