विनावॉरंट अटक : मागताना आणि भोगताना
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



नवऱ्याने मारलं म्हणून बाई ठाण्यात जाते. अंमलदार चार ओळी लिहितो, 'एन.सी.'चा कागद हातात देतो. बाईला वाटतं, आता त्याला पकडतील. कोणी येत नाही. कारण साधी मारहाण हा अदखलपात्र गुन्हा. त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही आणि वॉरंटशिवाय अटक नाही.

पण जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होईल असा छळ असेल, हुंड्यासाठी जाच असेल, तर ती क्रूरता. १९८३ साली ४९८ अ कलम आलं ते यासाठीच. आज ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ कलमांत आहे. बाईने किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांनी खबर दिली, की हा गुन्हा दखलपात्र ठरतो. म्हणून फिर्यादीत कालचा मार तेवढा सांगू नका, आधीचा सगळा छळ तारखांसकट सांगा. एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

दखलपात्र म्हणजे अटक झालीच पाहिजे, असं मात्र नाही. २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आपोआप अटक करायची नाही. आपल्यातल्या अनेकींना वाटलं, कायद्याचे दातच पाडले. मला तसं वाटत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं ३५ वं कलम वाचा. आरोपी पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदाराला धमकावील, अशी कारणं असतील तर पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. अटक का केली, हे त्यांनी लिहायचं असतं. आणि का केली नाही, हेही लिहायचं असतं. हा दुसरा भाग आपण वापरतच नाही. 'तक्रार केलीस तर जाळून टाकीन' अशी धमकी असेल, तर ती फिर्यादीत आली पाहिजे. मग साहेबांना विचारा, अटक न करण्याचं कारण लिहिलंत का?

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मिळाला असेल आणि नवऱ्याने तो मोडला, तर तोही दखलपात्र गुन्हा आहे. हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं.

आता दुसरी बाजू. हाच अधिकार मोर्च्यातल्या बायांवर, धंदा करणाऱ्या बायांवर, पारध्यांच्या पालांवर चालतो. तिथे 'संशय' एवढं कारण पुरतं. १९७२ साली मथुरावर देसाईगंजच्या ठाण्यातच बलात्कार झाला, हे आपण विसरू शकत नाही. म्हणून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यायची. अटकेचं कारण सांगायचं, नातेवाइकांना कळवायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं.

नवऱ्याला अटक व्हावी म्हणून मोर्चा नेताना हे नियम आपल्याला अडचणीचे वाटतात. पण पारधी बाईच्या सुटकेसाठी त्याच ठाण्यात आपण जातो, तेव्हा हातात हेच नियम असतात. तेव्हा 'पकडा आणि आत टाका' ही आपली मागणी नको. पोलिसांनी कारण लिहावं आणि ते आपल्याला तपासता यावं, ही मागणी हवी. दोन्ही बायांना तीच उपयोगी पडेल.