परदेशी नोकरी आणि आधीच्या शाळा



कळंब्यात बसून दुबईच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज करताय?
मग बायोडेटात आधीच्या शाळा नीट लिहा.

सगळ्यात अलीकडची शाळा आधी.
मग तिच्या मागची.
शाळेचं पूर्ण नाव, गाव, शिकवलेले वर्ग.
रुजू झाल्याची तारीख. सोडल्याची तारीख.

आपल्याकडे संस्थेचं नाव एक, शाळेचं दुसरं.
दोन्ही लिहा.

आता खरी अडचण.
‘शिक्षणसेवक’ म्हणजे काय, हे तिकडच्या मुख्याध्यापकांना कसं कळणार?
म्हणून सरळ लिहा:
पूर्णवेळ शिक्षक, सुरुवातीची 3 वर्षं मानधनावर.

तासिका तत्त्वावर शिकवलंत?
मग आठवड्याचे तास लिहा.
त्याला पूर्णवेळ म्हणू नका.
अनुभवाचा दाखला मागितला, की ते उघडं पडतं.

मध्ये खंड पडला असेल, तर कारण एका ओळीत द्या.
बाळंतपण, बी.एड., घरातलं आजारपण.
यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि तारखा.
बायोडेटातल्या तारखा दाखल्याशी जुळायला हव्यात.
पुन्हा सांगते, दाखल्याशी जुळायला हव्यात.
दाखल्यावर चूक असेल, तर आधी शाळेतून दुरुस्त करून घ्या.
तुमचे मुख्याध्यापक निवृत्तीला आले असतील, तर याच आठवड्यात जा.