म्हातारपणाची शिदोरी आणि दुसऱ्याचे देणे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्याकडे जनाज्याच्या नमाजापूर्वी मुलगा पुढे येऊन विचारतो, “माझ्या वडिलांकडे कोणाचे काही देणे असेल तर मला सांगा.” आधी देणे, मग वारसांची वाटणी, हा धडा आपल्या मुलांना तेथेच मिळतो. आज त्याच धड्याविषयी, कायद्याला धरून, दोन शब्द बोलणार आहे.

नोकरदाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो. कायद्याप्रमाणे हा निधी कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने कर्जापोटी जप्त करता येत नाही. सभासद वारला तर रक्कम त्याने नेमलेल्या व्यक्तीला मिळते आणि मयताचे कर्ज तिला लागू होत नाही. हे योग्यच आहे. हातपाय थकल्यावर कोणावर हात पसरण्याची पाळी येऊ नये, म्हणून ही तजवीज आहे.

पुढे १९६८ च्या कायद्याने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी सुरू झाला. टपाल कार्यालयात किंवा बँकेत दुकानदार, आडत्या, शेतकरी असा कोणीही त्याचे खाते काढू शकतो. न्यायालयाच्या जप्तीपासून त्यालाही संरक्षण आहे. २०१९ च्या नव्या योजनेतही ते कायम ठेवले आहे. परंतु येथे एक फरक ध्यानात घ्या. पगारातील कपात आपल्या इच्छेवर नसते. या खात्यात मात्र केव्हा आणि किती भरावयाचे, हे आपणच ठरवितो.

माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. त्याच्या वडिलांनी कापूस उधारीवर एका व्यापाऱ्याला घातला. व्यापाऱ्याने हात वर केले. दुकान रिकामे झाले होते, पण निवृत्तीच्या खात्यातील रक्कम शाबूत होती. त्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडली व तो कामाला लागला. व्यापाऱ्याचे म्हातारपण सुरक्षित राहिले. मुलाच्या शिक्षणाला संरक्षण देणारे कलम कोठेच नव्हते.

धनको म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सावकार किंवा बँक येते. मानवत-सेलूच्या बाजारात तो पुष्कळदा कापूसवाला शेतकरी असतो, हमाल असतो, गाडीवान असतो.

मग उपाय काय? संरक्षण काढून घेणे हा उपाय नव्हे. कायद्याने काही कुंपणे घातली आहेत. या खात्यात वर्षाला दीड लाखापेक्षा अधिक भरता येत नाही. धनकोंना बुडविण्यासाठी कोणी जमीन दुसऱ्याच्या नावे केली, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३ व्या कलमाखाली धनकोला तो व्यवहार रद्द करून घेता येतो. ऑस्ट्रेलियाने २००७ साली याच्याही पुढे पाऊल टाकले. धनकोंना चुकविण्याच्या हेतूने दिवाळखोराने निवृत्ती निधीत भरलेली रक्कम तेथे परत मिळविता येते. नेहमीच्या प्रामाणिक बचतीला धक्का लागत नाही. हेतू पाहून केलेला हा भेद मला न्यायाचा वाटतो. आपल्याकडेही तो स्पष्ट शब्दांत यावयास हवा.

पालकांनो, बचत जरूर करा, दरमहा नियमाने करा. परंतु देणे थकलेले असताना खात्यात भर घालू नका. ती आपली बचत नसते, दुसऱ्याचा घास असतो. आणि माल उधार द्याल तेव्हा कागदावर सही घ्या. नुसत्या शब्दावर दावा उभा राहणे कठीण जाते.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यातून वकील होतील, व्यापारी होतील. न्यायालय ज्या रकमेला हात लावू शकत नाही, तीही आपण होऊन देणेकऱ्याने धनकोच्या हाती ठेवावी, याला कोणताही कायदा आड येत नाही. जनाज्यापुढे उभे राहून विचारलेल्या त्या प्रश्नाला “काही देणे नाही” असे उत्तर सर्वांनी द्यावे, एवढी कमाई प्रत्येक बापाने मुलासाठी मागे ठेवावी.