जीवाणूंना मुळाचा पत्ता कसा लागतो?

हैदराबादच्या आबिड्समध्ये एखाद्या भट्टीतून ताज्या उस्मानिया बिस्किटांचा खरपूस वास येऊ लागला, म्हणजे नवख्या माणसासही दुकानाचा पत्ता विचारावा लागत नाही. चार पावले टाकावीत. वास वाढला तर पुढे जावे, मंदावला तर वळावे. मातीतला जीवाणू मिलिमीटरच्या एक-दोन सहस्रांशाएवढा. पण तोही बहुधा याच रीतीने वाट काढतो.

त्याला ना नाक, ना मेंदू. त्याच्या आवरणात मात्र ग्राही प्रथिने असतात. ठरावीक रसायनाचा रेणू त्यांना चिकटला, की आत संदेश जातो आणि शेपटीसारख्या कशाभिकांची गती बदलते. क्षणापूर्वी ते रसायन किती होते व आता किती आहे, हे ताडून पाहण्यापुरती स्मृतीही या यंत्रणेत असते. हे केवळ भुकेचे आकर्षण नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ज्यूलियस ॲडलर यांनी १९६९ साली दाखवून दिले की, विशिष्ट साखर पचविता न येणारे आतड्यातील जीवाणूही त्या साखरेकडे ओढले जातात. खाणे निराळे आणि ओळखणे निराळे.

आबिड्सच्या वायव्येस पटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेत तूर, हरभरा व भुईमूग या पिकांचा अभ्यास चालतो. या पिकांच्या मुळांतून शर्करा, अमिनो आम्ले इत्यादी द्रव्ये पाझरतात. रायझोबियम जीवाणू त्यांचा माग काढीत मुळाशी येतात. तेथे त्यांच्यातील आणखी एक प्रथिन मुळाने सोडलेली फ्लाव्होनॉइड द्रव्ये ओळखते. मग जीवाणू उलट संकेत धाडतो, तूर-हरभऱ्यात मुळाचा केस वाकतो आणि गाठ धरू लागते. त्या गाठीत हवेतील नत्र पिकाच्या उपयोगी पडेल असे होते.

हा संवाद नाजूक आहे. जमिनीत नत्र विपुल झाले, तर पीक गाठी कमी धरते. म्हणजे युरियाचा अतिरेक करणारा शेतकरी पैसे मोजून फुकटची मदत दूर सारतो. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या मराठवाड्यात तूर-हरभऱ्याच्या बियाण्यास जीवाणुखत चोळून ते सावलीत सुकविण्याची शिफारस केली जाते, ती याच कारणास्तव. उन्हाने जीवाणू मेले, तर मुळाने हाक घालूनही ओ देणारा उरत नाही.