गाडीची चाकं घरीच रंगवताना: रंगाआधी भेग बघा

मागच्या काही भागांत तुम्ही बरेच जण एकच प्रश्न विचारताय. "दादा, गाडीची चाकं घरी रंगवता येतात का?" येतात. मी माझ्या गाडीची दोनदा रंगवलीत. पण आज मी फक्त रंगाचं नाही बोलणार, चाकाचं पण बोलणार.

आपला भाग बघा. जुन्नर-आंबेगावचा पश्चिमेकडचा पट्टा म्हणजे माळशेज, आहुपे, भीमाशंकर. तिथं चार महिने धुकं, पाऊस आणि भातखाचरातला चिखल. पूर्वेकडं बेल्ह्याच्या बाजूला गेलात की धूळ. मधे नारायणगाव, मंचर, ओतूर. तिथं टोमॅटोच्या, कांद्याच्या गाड्या आणि उसाच्या ट्रॉल्यांमागं चालणारी आपली दुचाकी. शेतातनं खताची गोणी गाडीवर आणायची, तेच पाणी रिमवर सांडायचं. मग तारांच्या चाकांना गंज चढतो. अलॉयला लोखंडासारखा गंज लागत नाही, पण रंग उडाला की पांढरी पूड धरते आणि बारीक खड्डे पडतात. म्हणजे रंग नुसता शोभेला नाही, तो चाकाचं कातडं आहे.

आता कधी रंगवायचं? बहुतेकांना दसऱ्याच्या आदल्या दिवशी आठवण येते, कारण खंडेनवमीला गाडीची पूजा असते. पण तेव्हा परतीचा पाऊस असतो, हवा दमट असते. दमट हवेत स्प्रे मारला की रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले. आपल्याकडं थंडीत सकाळी दव असतं, म्हणून अकरा ते तीनच्या दरम्यान, सावलीत आणि वारा नसताना काम करा. उन्हात तापलेल्या चाकावर मारू नका, रंग खाली बसायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत होतो.

सामान साधं आहे. प्रायमरचा एक डबा, रंगाचे दोन, क्लिअरचा एक. ३२० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, पत्त्यांचा जुना कॅट. अलॉयसाठी दुकानात सांगा, 'ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर द्या'. लोखंडाचा साधा प्रायमर उघड्या ॲल्युमिनियमला नीट धरत नाही, मग रंग पापुद्र्यासारखा निघतो.

गाडी डबल स्टँडवर घ्या. चेनचं तेलकट काळं आधी रॉकेलनं काढा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या. आणि हे नीट ऐका: चाक फिरवायला इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. फडकं चेनमधे जातं आणि फडक्यामागं बोटं जातात. चाक हातानं फिरवा, इंजिन बंद, चावी खिशात.

आता मुख्य गोष्ट. चाक स्वच्छ झालं की लगेच पेपर घासायला बसू नका. दहा मिनिटं नुसतं बघा. हबपासून निघणाऱ्या काड्यांच्या मुळाशी, काडी रिमला मिळते तिथं आणि रिमच्या कडेला. फडक्यानं पुसल्यावरही एखादी काळी बारीक रेघ परत परत दिसत असेल, नखाला अडकत असेल, तर ती भेग असू शकते. मग रंगकाम थांबवा आणि चाक जाणत्या मेकॅनिकला दाखवा. तारांचं चाक असेल तर प्रत्येक तारेवर पान्यानं हलकं टिचका. बाकीच्या खणखणीत वाजतात आणि एखादी बद्द वाजते, ती ढिली आहे. काटकी फोर्कला टेकवून रिमजवळ धरा आणि चाक फिरवा. अंतर कमीजास्त होत असेल तर चाक वाकलंय.

भेगेवर रंग मारला की भेग जात नाही, फक्त दिसायची बंद होते. खड्ड्यात आपटल्यावर ती तिथंच मोठी होते, आणि तेव्हा मागं घरातलं कुणीतरी बसलेलं असतं. म्हणूनच जुनी गाडी घेताना चाकं नुकतीच रंगवलेली दिसली तर खूश होऊ नका, चार प्रश्न जास्त विचारा.

चाक ठीक असेल तर पुढं. ३२० नं घासा, मग ६०० नं ओलं घासा. रंग गुळगुळीत जागेला चिकटत नाही, त्याला बारीक ओरखडे लागतात. टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचत जा, टायर आपोआप झाकला जातो. ब्रेकची डिस्क, कॅलिपर, व्हॉल्व्ह, चेन सगळं कागदानं झाका. डिस्कवर रंगाचा फवारा गेला तर ब्रेक नीट धरत नाही. चाक काढून रंगवत असाल तर ड्रमच्या आत, बेअरिंगच्या जागी आणि डिस्क बसते त्या तोंडावर रंग नको.

डबा दोन मिनिटं हलवा. वीतभर अंतरावरनं पातळ हात मारा, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबा. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. जाड मारला की ओघळ येतात. थंडीत डबा गार वाटला तर कोमट पाण्यात ठेवा. चुलीजवळ, गॅसजवळ कधीच नाही, तो फुटू शकतो. काम उघड्यावर करा, तोंडाला रंगकामाचा फिल्टरचा मास्क लावा. साधा रुमाल वाफ अडवत नाही. लहान पोरं लांब.

क्लिअर मारल्यावर किमान एक दिवस गाडी हलवू नका, आठवडाभर जोरात धुऊ नका. आणि डब्यातला साधा रंग पेट्रोलनं विरघळतो, म्हणून पुढं चाकं पेट्रोलनं पुसायची सवय सोडा.

आपल्याकडची कितीतरी पोरं चाकणच्या कंपन्यांत जातात, त्यांना माहितीय की कारखान्यात चाकाला पावडर कोटिंग करून भट्टीत भाजतात. घरचा रंग तेवढा टिकणार नाही, हे मान्य. पण वर्षातनं एकदा तुम्ही दोन तास स्वतःच्या चाकाशी बसता, प्रत्येक काडीवरनं बोट फिरवता. तेवढं कुठलाही कारखाना तुमच्यासाठी करत नाही.

तुमच्या चाकात काय सापडलं ते व्हॉइस मेसेज करून सांगा. हेल्मेट घाला, सावकाश जा. भेटू पुढच्या भागात!