वृक्षांची कूज आणि शाळेचे कर्तव्य



कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या उतारावर, फणसाच्या खोडावर तपकिरी व कठीण अशी फणसआळंबी आढळते. ती उगाळून घरगुती औषधात वापरण्याची चाल आहे. परंतु जे औषध म्हणून घरी येते, तेच त्या झाडाच्या रोगाचे लक्षण असते.

कुजलेल्या लाकडातून आळंबी आपोआप उत्पन्न होते, असा पूर्वी समज होता. १८७४ साली जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी लाकडातील तंतू व बाहेरील आळंबी ही एकाच कवकाची अंगे असल्याचे दाखवून दिले. कवकात हरितद्रव्य नसते. म्हणून त्याला आपले अन्न तयार करता येत नाही. त्याचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन सालीच्या जखमेत रुजतात. तंतू आत शिरून लाकडातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन करतात. पालवी हिरवीगार असतानाही गाभा पोकळ होतो आणि वादळवाऱ्यात झाड अकस्मात कोसळते. आळंबी दिसेपर्यंत आत बराच नाश झालेला असतो.

कवक सर्वस्वी अनिष्ट मात्र नव्हे. दाजीपूरच्या जंगलातील गळालेली पाने व पडलेले ओंडके तेच कुजवून मातीस मिळवते.

म्हणून शाळेच्या अंगणातील झाडांना फलकांसाठी खिळे ठोकू नयेत, तारा आवळू नयेत, बुंध्याशी पालापाचोळा जाळू नये. खोडावर आळंबी दिसताच त्या झाडाखाली वर्ग भरविणे थांबवावे व जाणकाराकडून झाड तपासून घ्यावे. साल जपण्याचा हा पाठ पुस्तकाबाहेरचा असला, तरी मुलांच्या जीविताशी त्याचा निकटचा संबंध आहे.